बोपदेवचा उतार

"तुम्ही बोलता का?" केंजळेंनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

नाना पेठेत हनीफभाईंच्या सायकल दुकानात आम्ही उभे होतो. मधे ती लांबलचक सायकल होती. दोन सीट, दोन हँडल, पॅडलच्या दोन जोड्या आणि चाकं मात्र दोनच. एका परदेशी विद्यार्थ्याने जाताना ती हनीफभाईंकडे टाकून दिली होती. वर्षभर माळ्यावर पडलेली. हनीफभाईंनी ती सगळी खोलली, नव्या रिमा घातल्या, चेन बदलली आणि हिरवा रंग मारला. आता तिच्या मागच्या सीटवर बसायला माणूस होता, पुढे बसायला नव्हता.

"कामापुरतं बोलतो," मी म्हणालो.

"कामापुरतं म्हणजे किती? आम्हाला बरंच लागतं."

दिगंबर केंजळे तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. अठ्ठाविसाव्या वर्षी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. उंच, सडपातळ, दाढी चकचकीत केलेली, आणि बोलताना चेहरा समोरच्याच्या जरा डावीकडे वळलेला.

"ऐका," ते म्हणाले. "मागच्याला ब्रेक नाही, गिअर नाही, मागचं हँडल वळत नाही. मागच्याकडे दोन पाय आणि तुमचा आवाज, एवढंच. खड्डा आला तर आधी सांगायचं. गतिरोधक, वळण, चढ, पाय थांबवायचे, पाय चालवायचे, सगळं आधी. न सांगता ब्रेक मारलात तर माझं नाक तुमच्या पाठीवर."

"सांगेन."

"आवाज बरा आहे," ते हनीफभाईंना म्हणाले. "जरा बसका आहे, पण चालेल."

हनीफभाईंनी मला का बोलावलं ते मला कळत होतं. नऊ वर्षं मी त्यांचं गिऱ्हाईक होतो. मी आणि माझी बायको वृंदा, दोघांच्याही सायकली त्यांनीच जोडून दिल्या होत्या. मार्च महिन्यात वृंदा हायवेवर अपघातात गेली. त्यानंतर मी दुकानाकडे फिरकलो नव्हतो. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "शेजवलकर, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही." मी नाही म्हणालो नाही. त्या काळात मी कशालाच नाही म्हणत नव्हतो.

सकाळी उठायचो, कंपनीत जायचो. पंपांची ड्रॉइंग काढायचं काम होतं, ते बिनचूक व्हायचं. घरी येऊन दहीभात खायचो. गॅसवर दूध ठेवलं की ते वर येताना दिसायचं, मग उतू जायचं, आणि मी तिथेच उभा राहून बघत असायचो. लोक भेटायला आले की चहा करायचो. 'धीर धर' म्हणाले की 'हो' म्हणायचो. वाईट वाटतंय असंही काही नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

पहिले दोन रविवार आम्ही विद्यापीठाच्या आवारात फिरलो. तिथे सकाळी गर्दी नसते, झाडी आहे, रस्ता सपाट आहे. मग पाषाण तलाव. मग खडकवासल्यापर्यंत. एकदा वेताळ टेकडीच्या मातीच्या वाटेवरसुद्धा नेलं मी त्यांना, त्यांच्या हट्टापायी. पूर्वी मी आणि वृंदा जाड टायरच्या सायकली घेऊन दर शनिवारी तिथे जायचो. दगड, मुरूम, मधेच आडवी आलेली मुळं. लांब सायकल त्या वाटेवर वळता वळत नव्हती. केंजळे मागे उडत होते आणि मोठ्याने हसत होते. मी पुढून ओरडत होतो, "दगड! उतार! पाय थांबवा! पुन्हा दगड!"

खाली आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही काम चोख करता. पण बाकीचंही सांगा की."

"बाकीचं कसलं?"

"काय दिसतंय ते."

"रस्ता."

"शेजवलकर, रस्ता मला बुडाला कळतो."

मी प्रयत्न केला. डावीकडे झाड, उजवीकडे भिंत, पुढे बस. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "राहू द्या. ड्रॉइंग वाचून दाखवल्यासारखं वाटतं."

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. डिसेंबरात एका सकाळी पौड रोडच्या चौकात आम्ही थांबलो होतो. सिग्नल सुटला, मी "चला" म्हणालो आणि आम्ही निघालो. चौक ओलांडल्यावर ते मागून म्हणाले, "एक विचारू? रस्ता रिकामा असला की माणूस 'मोकळं आहे' म्हणतो. दोन महिन्यांत तुमच्या तोंडून तो शब्द आला नाही. नुसतं 'चला'."

"सवय नाही."

"असेल," ते म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

बोपदेव घाटाचं त्यांनी पहिल्या दिवसापासून डोक्यात घेतलं होतं. डोळे होते तेव्हा ते कोंढव्याला राहून सासवडला नोकरी करायचे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा सायकलने घाट चढून जायचे. "चढायचं कौतुक नाही हो मला," ते म्हणायचे. "उतरताना जो वारा लागतो, तो बसमध्ये लागत नाही, मोटरसायकलवर लागत नाही. तेवीस वर्षांत तो लागला नाही. एकदा द्या मला तो, मग तुमची सुट्टी."

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. सकाळचे सहा वाजले होते. त्यांच्या पत्नी, कुमुदताई, फाटकापर्यंत आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी केंजळेंच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला आणि मला म्हणाल्या, "सावकाश आणा ह्यांना."

"हो," मी म्हणालो.

येवलेवाडी मागे पडली आणि चढ सुरू झाला. लांब सायकल चढावर फार जड होते. सर्वांत हलक्या गिअरवर, माणूस चालेल त्या वेगाने आम्ही चढत होतो. केंजळेंचे पाय दमदार होते. दर वळणावर ते सांगायचे, "आता उजवीकडे फिरणार ना?" आणि रस्ता उजवीकडेच फिरायचा. माथ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन आलं होतं. भिवरीच्या फाट्यावर एका टपरीत चहा घेतला. केंजळेंनी दोन कप घेतले, टपरीवाल्याला त्याचं गाव विचारलं, गावातली दोन-चार माणसं विचारली, त्यातला एक जण त्यांच्या ओळखीचा निघाला. फार खुशीत होते.

"आता वारा," ते म्हणाले.

आम्ही सायकल वळवली.

पहिली दोन वळणं मी व्यवस्थित घेतली. "उतार. पाय थांबवा. डावं वळण. ब्रेक." मग एक लांब सरळ उतार लागला. सायकल आणि दोन माणसं, वजन भरपूर. वेग भराभर वाढला. मागून केंजळेंचा आवाज आला, शब्द नव्हते, नुसता एक लांबलचक ओरडा. डावीकडे डोंगर होता, उजवीकडे कठडा, आणि समोर खाली शहर पसरलेलं दिसत होतं, धुरकट. वारा कानात भरला होता. माझी बोटं ब्रेकवर होती.

ती मी दाबली नाहीत.

मी काही ठरवलं नव्हतं. दूध वर येताना दिसावं तसं पुढचं वळण वर येताना दिसत होतं. मी बघत होतो. अंगाला वारा लागत होता, पण तो दुसऱ्याच कुणाला लागतोय असं वाटत होतं. मी आकडे मोजत होतो हे मला नंतर आठवलं. एक, दोन, तीन.

"शेजवलकर?" मागून हाक आली.

चार. पाच.

"शेजवलकर, बोला."

सहा.

डोंगराच्या कापलेल्या भिंतीवर आमच्याच चाकांचा आवाज आपटून परत यायला लागला होता. वळण जवळ आलंय हे त्यांना त्यावरून कळलं असणार. ते घाबरून ओरडले नाहीत. अगदी जवळून, माझ्या पाठीशी तोंड आणून त्यांनी विचारलं, "मोकळं आहे का?"

"नाही!" मी ओरडलो. "नाही, नाही, नाही!"

दोन्ही ब्रेक एकदम आवळले. मागचं चाक घसरलं, सायकल आडवी व्हायला लागली. वळणावरून विटांचा ट्रक हॉर्न देत वर आला. मी हँडल डोंगराच्या बाजूला फेकलं. मुरूम, मग पाण्याचा चर, मग आम्ही दोघेही त्या चरात. ट्रक न थांबता वर निघून गेला.

मी उठलो. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. केंजळे चरात बसले होते. हेल्मेट जागेवर होतं. डावा हात त्यांनी उजव्या हाताने छातीशी धरला होता आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. ते डावखुरे होते. ब्रेल वाचायचं बोटही त्याच हाताचं.

"ब्रेक गेले का?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. हनीफभाईंनी सायकल खोलली असती, त्यांना काही सापडलं नसतं, तरी त्यांनी दोष स्वतःकडे घेतला असता.

"नाही. ब्रेक चांगले आहेत."

"मग?"

"मी दाबले नाहीत."

घाटातून दोन मोटरसायकली उतरल्या.

"मुद्दाम?"

"माहीत नाही. बोटं ब्रेकवरच होती."

"मी मागे बसलोय, हे डोक्यात होतं?"

"नव्हतं."

त्यांनी तोंड वळवलं. घाम आला होता त्यांना, दुखण्याचा असेल. मी रुमाल काढून मनगट बांधायला गेलो तर म्हणाले, "हात लावू नका." जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "मग शेवटी का दाबले?"

"तुम्ही मोकळं आहे का विचारलंत म्हणून."

"त्यात काय?"

मग मी सांगितलं. चराच्या कडेला उकिडवा बसून, कुणाला तरी पत्ता सांगावा तसं सांगितलं. मार्चमध्ये मुळशीकडून परत येताना आम्हाला हायवे ओलांडायचा होता. मी पुढे होतो, वृंदा मागे. मी दोन्हीकडे बघितलं आणि सायकल रेटत निम्मा रस्ता ओलांडला. दुभाजकापाशी थांबून मागे वळून ओरडलो, "मोकळं आहे, ये." रस्ता पुन्हा बघून म्हणालो नाही. मी आलो तेव्हा मोकळं होतं, म्हणून म्हणालो. ती निघाली. वळणावरून मालट्रक आला. थांबला नाही, पुढे सापडलाही नाही. पोलिसांना मी सांगितलं की मी पुढे निघून गेलो होतो, मागे काय झालं ते दिसलं नाही. सगळ्यांना तेच सांगितलं.

केंजळे ऐकत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट झालं. पण त्यात माझा काय संबंध होता, शेजवलकर?"

मी चरात पडलेली सायकल उभी केली.

"कुमुदला तुम्ही सांगायचं. पडलो एवढंच नाही. कसा पडलो ते. तुमच्या तोंडाने."

सासवडहून मटार घेऊन मार्केटला निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने केंजळेंना आपल्या शेजारी बसवलं. सायकल मागे पोत्यांवर आडवी टाकली आणि मी तिच्याशेजारी बसून आलो. मागे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे उरलेला घाट मी उलटा बघितला, वर जाताना.

हॉस्पिटलच्या जिन्यापाशी कुमुदताई आल्या. मी त्यांना सांगितलं. ब्रेक दाबले नाहीत, हेही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही शुद्धीवर होता?"

"होतो."

"मग आत्ता माझ्यासमोरून जा."

मी गेलो. मनगटाची दोन हाडं मोडली होती, रॉड घालून प्लास्टर केलं, हे हनीफभाईंकडून कळलं. त्यांनाही मी सगळं सांगितलं. सायकल त्यांनी पुन्हा माळ्यावर चढवली.

पाचव्या दिवशी कुमुदताईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "मी सातला शाळेत जाते. ह्यांना आंघोळ घालायला, कपडे चढवायला घरी कुणी नाही. साडेसहाला यायचं. प्लास्टर निघेपर्यंत. एक दिवसही चुकवायचं नाही."

"येतो."

"चहा मी देणार नाही."

सहा आठवडे मी गेलो. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, पाणी काढायचं, पाठ चोळायची, शर्टाची बटणं लावायची, दाढी करायची. केंजळे पहिला आठवडा माझ्याशी बोलले नाहीत. मी गालाला साबण लावायचो, ते मान वर करायचे. दुसऱ्या आठवड्यात वस्तरा गळ्यावर असताना अचानक म्हणाले, "आज लक्ष आहे ना?"

माझा हात थांबला.

"आहे."

"मग करा."

नंतर ते थोडं थोडं बोलायला लागले. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. ते मधेच थांबवून विचारायचे, फोटोत काय आहे? माणूस आहे, म्हटलं की विचारायचे, कसा? मग मला बघावं लागायचं. एकदा खिडकीबाहेर कसला गलका आहे विचारलं. मी उठून बघितलं आणि सांगितलं की समोरच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ पतंग उडवतायत, खाली त्यांची सून हात वर करून त्यांना उतरायला सांगतेय, आणि ते ऐकू न आल्याचं सोंग करतायत. केंजळे हसले. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बरंच बोललो होतो. चहा कुमुदताईंनी शेवटपर्यंत दिला नाही. पाचव्या आठवड्यात एक दिवस ओट्यावर एक डबा होता. त्यावर चिठ्ठी: 'शेजवलकर. डबा धुऊन आणावा.' आत थालीपीठ होतं.

प्लास्टर निघालं. मनगट पूर्ण वाकत नव्हतं. ब्रेल वाचायचं बोटही पूर्वीसारखं चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले. केंजळेंनी उजव्या हाताने वाचायची सवय करायला घेतली होती. हळू वाचायचे, चिडायचे.

शेवटच्या सकाळी मी निघताना ते म्हणाले, "तुमच्या मागे मी परत बसणार नाही."

"बरोबर आहे."

"कुमुदला तसा शब्द दिलाय." त्यांनी आखडलेलं मनगट चोळलं. "खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते."

"हो."

"वृंदाताईंचं माहेर कुठलं?"

"वाई. आई असतात तिथे. एकट्याच."

"त्यांना माहितीये?"

"नाही. त्या कधी विचारत नाहीत."

"विचारण्यासारखं काही आहे हे त्यांना कुठे माहितीये?"

पुढे हनीफभाईंनी सायकलसाठी दुसरा माणूस शोधला, कॉलेजात शिकवणारा एक तरुण. केंजळे त्याच्याबरोबर खूप फिरले, बोपदेवही उतरले. आमचं येणंजाणं राहिलं. पण ह्या सोळा वर्षांत माझ्या मागे ते कधीच बसले नाहीत.

त्याच वर्षी, प्लास्टर निघाल्यावर मार्च लागला त्या शनिवारी मी वाईला गेलो. आई ओटीवर शिवणयंत्रावर बसल्या होत्या. ब्लाउज शिवायचं त्यांचं काम सत्तरीतही सुरू होतं. मला बघून म्हणाल्या, "या उदयराव. एवढी बाही पुरी करते." मी चटईवर बसलो आणि त्या बाही जोडत असतानाच सांगायला सुरुवात केली. थांबलो असतो तर सांगितलं नसतं. त्यांचा पाय पायट्यावर चालत राहिला. 'मोकळं आहे, ये' हे मी सांगितलं तेव्हाही चालत होता. मी न बघता म्हणालो, हे सांगितलं तेव्हा थांबला.

त्यांनी दोरा तोडला नाही की वर बघितलं नाही.

"मग ती काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"तुम्ही 'ये' म्हणालात. त्यावर ती काही म्हणाली का?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. वर्षभर मला फक्त माझंच वाक्य ऐकू येत होतं, तेवढंच, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या पुढे काही नव्हतं. मी डोळे मिटले. हायवे, दुभाजक, पलीकडे ती, एक पाय जमिनीवर टेकवलेला, पिवळी ओढणी कमरेला बांधलेली.

"आले, म्हणाली."

"कशी?"

"घाईत. हसत होती. दोनदा म्हणाली. 'आले, आले.'"

"आले, आले," आई हळूच म्हणाल्या. अगदी वृंदाच्या आवाजात म्हणाल्या, किंवा वृंदाच त्यांच्या आवाजात बोलत असेल, इतकी वर्षं माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. "जेवायला हाक मारली की असंच म्हणायची. आणि यायची नाही लवकर."

माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला. मला वाटलं खोकला आहे. मग तो थांबेना. मी चटईवर पालथा पडलो आणि तोंडात हाताची मूठ कोंबली, तरी थांबेना. केवढा वेळ गेला सांगता येणार नाही.

आई उठून माझ्याजवळ आल्या नाहीत. पण त्यांनी मशीनही पुन्हा सुरू केलं नाही.